कॅनडात अमेरिकन चॅनलवर कॅनेडियन जाहिराती का दिसतात? ‘सिमसब’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चॅनल बफेलोचं, मग लोगो आणि जाहिराती कॅनडाच्या कशा?

टोरंटोत किंवा मिसिसागात केबलवर बफेलोचं, म्हणजे सीमेपलीकडच्या अमेरिकन शहराचं, एखादं चॅनल लावा आणि रात्रीचे आठ वाजायची वाट पाहा. बफेलोतल्या कुठल्याशा मोटार विक्रेत्याची जाहिरात चालू असते. ती मध्येच तुटते, चित्र एकदा दचकतं, खालच्या सबटायटलचा शब्द अर्धाच राहतो आणि कोपऱ्यात सीटीव्हीचा नाहीतर ग्लोबलचा, म्हणजे कॅनडाच्या खासगी टीव्ही नेटवर्कचा, लोगो उमटतो. मालिका तीच, बॉक्सवरचा चॅनल नंबरही तोच. पण त्या क्षणापासून बफेलोचं प्रक्षेपण तुमच्या घरी येणं थांबलेलं असतं. केबल कंपनीने त्याच नंबरवर टोरंटोच्या स्टेशनचं प्रक्षेपण जोडलेलं असतं. नऊ वाजता मालिका संपली की पुन्हा बफेलो.

याचं पूर्ण नाव सायमल्टेनियस सबस्टिट्यूशन, बोलण्यात सिमसब. म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे चालू असलेल्या एकाच कार्यक्रमाची अदलाबदल. एक समज आधीच दूर करायला हवा. केबल कंपनी अमेरिकन चॅनलमधल्या जाहिराती तेवढ्या कापून तिथे कॅनडाच्या चिकटवत नाही. बदलतं ते अख्खं प्रक्षेपण. लोगो, सबटायटल, ध्वनी, पुढच्या कार्यक्रमांच्या घोषणा, सगळं कॅनेडियन स्टेशनचं येतं ते त्यामुळेच.

हा नियम आला कुठून?

कॅनडाची बहुतेक लोकवस्ती अमेरिकेच्या सीमेलगत आहे. टोरंटोला बफेलो, विंडसरला डेट्रॉइट, व्हँकुव्हरला बेलिंगहॅम आणि सिॲटल. केबल पसरू लागली तशी ही सगळी स्टेशनं घरोघरी स्वच्छ दिसू लागली. आता सीटीव्हीने हॉलिवुडकडून एखाद्या मालिकेचे कॅनडापुरते हक्क विकत घेतले आणि तीच मालिका त्याच वेळी बफेलोहूनही फुकट दिसत असली, तर प्रेक्षक दोन ठिकाणी वाटला जातो. पैसे मोजून घेतलेला हक्क अर्धा वाया जातो. म्हणून १९७२ पासून सीआरटीसी या प्रसारण नियामक आयोगाने सिमसब लागू केलं.

त्याच काळात आणखी एक उपाय सुरू होता आणि तो जास्त कडवट होता. टोरंटोच्या केबलवर बफेलोच्या स्टेशनांच्या जाहिराती मधूनमधून सरळ गाळल्या जात. बफेलोच्या तीन स्टेशनांचे मालक कोर्टात गेले. १९७७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने केबलवरून येणाऱ्या परदेशी प्रक्षेपणाचं नियमन हा संघराज्य सरकारचाच अधिकार आहे, असा निकाल दिला. जाहिराती गाळणं मात्र पुढे चाललं नाही. टिकलं ते सिमसब.

याला जोड मिळाली आयकर कायद्यातल्या कलम १९.१ ची. १९७६ पासून, कॅनडातल्या ग्राहकांसाठीची जाहिरात एखाद्या कॅनेडियन व्यावसायिकाने अमेरिकन स्टेशनवर दिली, तर तो खर्च करातून वजा होत नाही. अमेरिकेने १९८४ मध्ये तसाच उलटा नियम करून उत्तर दिलं. सिमसबचा विचार करताना हे दोन्ही कायदे शेजारी ठेवूनच पाहावेत. दोन्हींचा रोख चित्रावर नाही, जाहिरातीच्या डॉलरवर आहे.

अमेरिकन स्टेशनं हे चालू कसं देतात?

त्यांना विचारावं लागतच नाही. कॅनडाच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे केबल किंवा डिश कंपनीला हवेतून येणारं प्रक्षेपण पुढे पोचवता येतं. अट अशी की ते त्याच वेळी आणि बदल न करता पोचवायचं, फक्त कॅनडाचाच कायदा बदल करायला सांगत असेल किंवा परवानगी देत असेल तेवढा अपवाद. सिमसब बसतं ते या अपवादात. दूरच्या स्टेशनांवरच्या कार्यक्रमांसाठी कॉपीराइट मंडळाने ठरवलेलं मानधन हक्कधारकांना द्यावं लागतं, पण अमेरिकेत स्टेशन जशी केबल कंपनीला ‘आमची परवानगी घ्या’ असं म्हणू शकतं, तशी सोय इथे नाही.

अदलाबदल केव्हा करता येते? नेमक्या अटी कोणत्या?

सध्याची नियमावली १ डिसेंबर २०१५ पासून लागू आहे. मुख्य अटी अशा:

मागणी हवेतून प्रसारण करणाऱ्या स्थानिक टीव्ही स्टेशनची हवी. म्हणजे सीटीव्ही, ग्लोबल, सिटीटीव्ही, हॅमिल्टनचं सीएचसीएच यांच्यासारखी स्टेशनं. केबलवरच मिळणाऱ्या खास विषयांच्या चॅनलना, उदाहरणार्थ खेळाच्या टीएसएनला, हा हक्क नाही.

मागणी लेखी आणि प्रसारणाच्या दिवसाच्या किमान चार दिवस आधी. रविवारच्या सामन्याची मागणी बुधवारपर्यंत केबल कंपनीच्या हातात पडायला हवी. दोघांचं आपसात जमलं तर मुदत कमी करता येते.

कार्यक्रम दोन्हीकडे एकाच वेळी हवा. सीटीव्हीने तोच भाग तासभर आधी दाखवला, तर बफेलोला हात लावता येत नाही.

जाहिराती सोडून चित्र आणि ध्वनी किमान ९५ टक्के सारखे हवेत. तासाच्या मालिकेत प्रत्यक्ष कथा साधारण ४४ मिनिटांची असते. तिचे पाच टक्के म्हणजे २ मिनिटं १२ सेकंद. कॅनेडियन स्टेशनच्या प्रतीत याहून जास्त फरक असेल, तर अदलाबदल नियमात बसत नाही.

आणि बदलून येणारं चित्र मूळ चित्राच्या तोडीचं किंवा त्याहून चांगलं हवं. साध्या दर्जाच्या प्रक्षेपणाने एचडी झाकायचं नाही.

अटी पुऱ्या झाल्या की केबल कंपनीला मन मानेल तसं वागता येत नाही. मागणी आली की अदलाबदल करणं तिच्यावर बंधनकारक आहे. म्हणून ‘मला मूळ चॅनलच दाखवा, हवं तर जास्त पैसे घ्या’ असं ग्राहक सेवेला सांगून काही होत नाही.

कुठली चॅनल यात येतात आणि कुठली नाहीत?

येतात ती प्रामुख्याने एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स या चार व्यावसायिक नेटवर्कची स्टेशनं. कॅनडातले केबलवाले या चारांना आणि पीबीएस या अमेरिकेच्या सार्वजनिक नेटवर्कला मिळून ‘फोर प्लस वन’ म्हणतात. पीबीएसवर प्रश्न सहसा येत नाही. सीएनएनसारखी केबल चॅनल यात येत नाहीत. क्रिकेटचं विलो किंवा भारतीय भाषांची चॅनल यांच्याशीही सिमसबचा संबंध नाही. तिथे वेगळ्या जाहिराती दिसल्या तर त्या त्या चॅनलच्या स्वतःच्या कॅनडासाठीच्या प्रक्षेपणातल्या असतात.

नेटफ्लिक्स, यूट्यूब, डॅझोन अशा इंटरनेट सेवांनाही हा नियम लागू नाही. पण तिथे अमेरिकन जाहिराती दिसतील असं मात्र नाही, कारण कॅनडाचे हक्क घेणारी सेवा जाहिराती स्वतःच्याच विकते.

सुपर बोलचं प्रकरण नक्की काय झालं?

अमेरिकन फुटबॉलच्या या अंतिम सामन्यात जाहिरातीसुद्धा कार्यक्रमाइतक्याच चवीने पाहिल्या जातात. कॅनडातल्या प्रेक्षकांची वर्षानुवर्षांची तक्रार हीच, की ज्या जाहिरातींची दुसऱ्या दिवशी ऑफिसात चर्चा, त्याच आमच्या पडद्यावर येत नाहीत.

२९ जानेवारी २०१५ ला सीआरटीसीने जाहीर केलं की या सामन्याच्या जाहिराती हा कार्यक्रमाचाच भाग आहे, तेव्हा २०१७ पासून सुपर बोलला सिमसब नाही. ५ फेब्रुवारी २०१७ चा सामना कॅनडात प्रथमच फॉक्सच्या प्रक्षेपणातून अमेरिकन जाहिरातींसह दिसला. २०१८ मध्ये एनबीसीवर आणि २०१९ मध्ये सीबीएसवर तसाच. कॅनडाचे हक्क सीटीव्हीची मालक कंपनी बेल मीडिया हिच्याकडे होते. त्यांनी सीटीव्हीबरोबर सीटीव्ही टू आणि टीएसएनवरही सामना दाखवला, तरी २०१७ मध्ये आधीच्या वर्षाच्या मानाने प्रेक्षक ३९ टक्क्यांनी घटले, असं बेलने सांगितलं.

बेल आणि अमेरिकन फुटबॉलची लीग एनएफएल कोर्टात गेले. डिसेंबर २०१७ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने सीआरटीसीची बाजू उचलून धरली. १९ डिसेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो निकाल फिरवला. मुद्दा जाहिराती चांगल्या की वाईट हा नव्हताच. प्रसारण कायद्याच्या ज्या कलमाखाली, म्हणजे ९(१)(ह) खाली, आयोगाने आदेश काढला होता, ते कलम एखादं चॅनल पोचवायला लावण्यापुरतं आहे. एकाच कार्यक्रमाला सिमसबबंदी करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, असं बहुमताने म्हटलं.

तिकडे व्यापाराच्या टेबलावरही हे प्रकरण गेलं होतं. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडाच्या २०१८ मधल्या करारातल्या परिशिष्ट १५-डी मध्ये कॅनडाने हा आदेश मागे घ्यावा, असं कलम घातलं गेलं. यातली गंमत समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकन जाहिराती काढून टाकू द्या, असा आग्रह अमेरिकेनेच धरला. कारण कॅनडाचे हक्क जितके अनन्य, तितकी एनएफएलला मिळणारी किंमत मोठी. २ फेब्रुवारी २०२० च्या सामन्यापासून सिमसब परत आलं.

तीच तीच जाहिरात पुन्हा पुन्हा का येते?

जाहिरातींसाठीचे ब्रेक अमेरिकन प्रसारक ठरवतो. तेवढीच मिनिटं कॅनेडियन स्टेशनला भरायची असतात, पण बाजार लहान आणि जाहिरातदार कमी. जागा उरली की स्वतःच्याच मालिकांच्या घोषणा लावतात. सुपर बोलच्या रात्री हे फार बोचतं.

सामना संपायच्या आतच दुसराच कार्यक्रम सुरू झाला. चूक कुणाची?

सिमसबचं घोडं अडतं ते इथेच. आधीच चित्रित करून ठेवलेल्या मालिकेला फारसा धोका नसतो, कारण ती आठला सुरू होऊन नऊला संपते. थेट प्रक्षेपण घड्याळ पाळत नाही.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. रविवारी दुपारी ४:२५ ला सुरू झालेला फुटबॉल सामना सात वाजता संपायला हवा, पण लांबला आणि ७:१७ पर्यंत चालला. अमेरिकन स्टेशन पुढचा कार्यक्रम १७ मिनिटं ढकलतं. पुढच्या कार्यक्रमाचे हक्क असलेलं कॅनेडियन स्टेशन मात्र तो ठरल्याप्रमाणे सात वाजता सुरू करतं. केबल कंपनीची यंत्रणा आधी भरलेल्या वेळापत्रकावर चालत असली, तर बरोबर सात वाजता ती अमेरिकन नंबरवर कॅनेडियन प्रक्षेपण जोडते. निर्णायक चाल चालू असताना सामना गायब. खरं तर त्या क्षणी दोन्हीकडचे कार्यक्रम एकाच वेळचे उरलेलेच नसतात, म्हणजे अदलाबदल नियमाबाहेरची ठरते. अशा वेळी स्टेशनच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाने केबल कंपनीला लगेच ‘थांबवा’ असं कळवायला हवं. तो निरोप उशिरा गेला, किंवा गेला पण बटण दाबायला कोणी नव्हतं, की प्रेक्षकाचं नुकसान ठरलेलं.

दुसरी चूक लहान पण रोजची. दोन्ही प्रक्षेपणं वेगवेगळ्या वाटांनी आणि वेगवेगळ्या एन्कोडरमधून, म्हणजे चित्र-ध्वनीला डिजिटल रूप देणाऱ्या यंत्रांमधून, येतात, त्यामुळे त्यांच्यात काही सेकंदांचं अंतर असतं. कॅनेडियन प्रक्षेपण पुढे असेल तर बदलताना एखादं वाक्य गळतं, मागे असेल तर तेच वाक्य दोनदा ऐकू येतं. कार्यक्रमाच्या शेवटी बदल लवकर झाला, तर शेवटचा प्रसंगच जातो. आणि कॅनेडियन स्टेशनच्या स्वतःच्या प्रक्षेपणात आवाज गेला असेल, तर तो बिघाड दोन्ही नंबरांवर एकदमच दिसतो, पळवाट राहत नाही.

रेकॉर्डिंग केलं तर मूळ जाहिराती मिळतील का?

नाही. अदलाबदल तुमच्या बॉक्समध्ये होत नाही, त्याआधी प्रक्षेपण वितरकाच्या, म्हणजे केबल किंवा डिश कंपनीच्या, यंत्रणेत होते. बॉक्सपर्यंत जे येतं तेच रेकॉर्ड होतं. रेकॉर्डिंग लावताना शेवटी अर्धा तास जास्त ठेवा, थेट सामन्याला तासभर. आणि शक्य असेल तर अमेरिकन नंबर सोडून कॅनेडियन स्टेशनचाच नंबर रेकॉर्डिंगला लावा. जाहिराती कॅनडाच्याच येतील, पण जोडण्या-तोडण्यातला गोंधळ टळेल.

मग मूळ अमेरिकन प्रक्षेपण पाहायचंच असेल तर?

दोन सरळ मार्ग आहेत.

पहिला, दुसऱ्या कालविभागाचं चॅनल. बऱ्याच पॅकेजमध्ये पूर्वेची आणि पश्चिमेची अशी दोन्हीकडची अमेरिकन स्टेशनं मिळतात. टोरंटोत आठची मालिका सिॲटलच्या स्टेशनवर अकरा वाजता येते. त्या वेळी टोरंटोचं स्टेशन ती दाखवत नसतं, म्हणून अदलाबदल होत नाही आणि सिॲटलच्या जाहिरातींसह मालिका दिसते. व्हँकुव्हरहून उलट करायचं, डेट्रॉइटचं चॅनल पाच वाजता लावायचं. पुरस्कार सोहळे आणि सामने देशभर एकाच क्षणी चालू असतात, त्यामुळे त्यांना ही युक्ती लागू पडत नाही.

दुसरा, अँटेना. हवेतून थेट येणाऱ्या लहरींना सिमसब लागूच होत नाही आणि अँटेना लावणं पूर्ण कायदेशीर आहे. विंडसरला नदीपलीकडेच डेट्रॉइट, तिथे घरातली साधी अँटेनाही बहुतेक वेळा पुरते. टोरंटोतून काम कष्टाचं आहे. बफेलोजवळच्या ग्रँड आयलंड बेटावरचे प्रक्षेपण मनोरे सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर, तर बफेलोच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवरचे आणखी ४० किलोमीटर पुढे. दिशा दोन्हींची आग्नेय. उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीतून प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

छतावर चार फुलपाखरी घटकांची यूएचएफ अँटेना बसवावी, खाली आरजी-६ केबल आणावी, आणि अँटेनाचा खांब व केबल दोन्हींचं अर्थिंग करावं. विजेच्या वादळात टीव्हीचाच काय, घराचाही धोका कमी होतो. ॲम्प्लिफायर लावायचाच तर अँटेनाच्या जवळ, वर लावा. टीव्हीजवळ लावला तर केबलमध्ये आधीच क्षीण झालेल्या सिग्नलबरोबर गोंगाटही वाढतो. टोरंटोत इथेच बरेच जण फसतात. शहरातल्याच सीएन टॉवर या उंच मनोऱ्यावरून येणाऱ्या जोरदार सिग्नलने ताकदवान ॲम्प्लिफायर गुदमरतो आणि बफेलोचीच चॅनल नाहीशी होतात. म्हणून आधी ॲम्प्लिफायरशिवाय चॅनल शोधून पाहा, मगच खर्च करा. घराच्या पत्त्यावर काय मिळेल याचा अंदाज रॅबिटइअर्स या संकेतस्थळावरच्या सिग्नल नकाशातून फुकट मिळतो. उन्हाळ्याच्या रात्री सरोवरावरून लांबची चॅनलही स्वच्छ येतात, त्यावर भुलू नये. अँटेनाची खरी परीक्षा हिवाळ्यातल्या दुपारी करावी.

या नियमाने कॅनडाच्या कार्यक्रमांचं भलं होतं का?

जाहिरातीचा पैसा देशात राहतो हे खरं, आणि स्थानिक बातम्यांचा खर्च ज्या स्टेशनांवर आहे त्यांच्यासाठी तो पैसा मोलाचा आहे. म्हणून नियम सरसकट मोडीत काढावा, असं म्हणणं बरोबर वाटत नाही.

पण त्याची किंमत कॅनडाच्या लेखक-कलाकारांनी मोजली आहे. ‘एकाच वेळी’ ही अट पाळायची तर सीटीव्ही किंवा ग्लोबलला अमेरिकन मालिका अमेरिकेतल्या वेळेलाच लावावी लागते. म्हणजे संध्याकाळचं वेळापत्रक न्यूयॉर्कमध्ये ठरतं. तिकडे मंगळवारची मालिका गुरुवारी गेली, की इकडेही गुरुवारची जागा रिकामी करावी लागते, आणि त्या जागी असलेला कॅनेडियन कार्यक्रम उरलेल्या कोपऱ्यात ढकलला जातो. संध्याकाळी सहा ते मध्यरात्र यातला निम्मा वेळ कॅनेडियन कार्यक्रमांना देण्याचं बंधन आहे. पण त्यात सहाच्या आणि अकराच्या बातम्याही मोजल्या जातात. आठ ते दहाची भरगर्दीची वेळ अमेरिकेसाठी मोकळीच राहते. स्वतःच्या कथेला ठराविक वार आणि ठराविक वेळ मिळाली नाही, तर प्रेक्षक जोडला जाणार कसा? हा प्रश्न सिमसबच्या समर्थकांनी फारसा कधी अंगाला लावून घेतलेला नाही.

भारतात असं काही आहे का?

हुबेहूब नाही, पण क्रिकेटवरून त्याच जातीचा वाद झाला. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी हक्कधारकांनी प्रसार भारतीला देणं सक्तीचं केलं. ते दूरदर्शनवरून खासगी केबलवरही दिसू लागलं आणि एकच सामना दोन चॅनलवर आल्याने हक्कधारकाच्या जाहिराती घटू लागल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असं प्रक्षेपण दूरदर्शनच्या भूस्थित मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच द्यावं. दुखणं दोन्हीकडे एकच. उपाय वेगळे. कॅनडाने दोन्ही नंबरांवर हक्कधारकाचं प्रक्षेपण चढवलं, भारताने एका वाटेवरून ते काढून घेतलं.

चूक झाली तर तक्रार कशी करायची?

आधी केबल किंवा डिश कंपनीकडे, आणि तिथे समाधान झालं नाही तर सीआरटीसीच्या संकेतस्थळावरच्या अर्जातून. २०१५ च्या धोरणाप्रमाणे वारंवार आणि गंभीर चुका करणाऱ्या स्टेशनचा सिमसबचा हक्क काही काळ काढून घेता येतो, आणि चूक वितरकाची असेल तर ग्राहकांना सवलत द्यायला लावता येते. पण त्यासाठी चूक कुणाची हे ठरवता आलं पाहिजे, आणि ‘काल मॅच मध्येच गेली’ एवढ्या ओळीवरून ते ठरत नाही.

तारीख, मिनिटापर्यंत वेळ आणि शहर लिहा. वितरकाचं नाव, बॉक्सवरचा चॅनल नंबर आणि चॅनल एचडी होतं का तेही लिहा. काय गेलं आणि किती वेळ गेलं ते सांगा. त्या क्षणी कॅनेडियन स्टेशनच्या स्वतःच्या नंबरवर काय चालू होतं, हे बदलून पाहा आणि तेही नोंदवा. बहुतेकांच्या तक्रारीत नेमकी हीच ओळ नसते. तिथेही तोच बिघाड असेल तर दोष स्टेशनचा, तिथे सगळं सुरळीत असेल तर जोडणी वितरकाची चुकली. फोनवर पडद्याचा फोटो काढताना कोपऱ्यातला लोगो आणि बॉक्सवरचं घड्याळ दोन्ही चौकटीत येऊ द्या.